५७ दिवस रिकामी खुर्ची : १९७३ मध्ये विरोधकांनी व्हाइट हाउस का सोडलं?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे कसं' आणि 'तर मग' शक्य तितके गाळले आहेत. जे उरले ते सवयीचे समजा.)



२१ जुलै २०२५ ला उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी राजीनामा दिला, तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला होता. उपराष्ट्रपती नसले तर नेमकं अडतं काय? खरं सांगायचं तर आपल्याकडे फारसं अडलं नाही. राज्यसभेचं काम उपसभापतींनी चालवलं, ५० दिवसांनी ९ सप्टेंबरला निवडणूक झाली, महाराष्ट्राचे तेव्हाचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन निवडून आले, विषय संपला.

पण अमेरिकेत एकदा हीच खुर्ची ५७ दिवस रिकामी राहिली होती. आणि त्या ५७ दिवसांत देशाची सत्ता एका पक्षाकडून थेट दुसऱ्या पक्षाकडे जाऊ शकत होती, तीही कुठेही एकही मतपेटी न उघडता. विरोधी पक्षाला फक्त एक गोष्ट करायची होती : एक फाइल टेबलावर पडू द्यायची. त्यांनी ती पडू दिली नाही. का, हे आज बघू.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, राज्यशास्त्राचा प्राध्यापक नाही. पण 'मुख्य सर्व्हर पडला तर काम कोण घेणार' हा आमचा रोजचा प्रश्न असतो. राज्यघटनेलाही तो सोडवावा लागतो. फरक इतकाच की आमचा बॅकअप सर्व्हर मुख्य सर्व्हर पाडायचा की नाही यावर मतदान करत नाही. तिथे करतो.

आधी रांग समजून घेऊ

एक खुलासा. आज मी 'काँग्रेस' म्हणेन तेव्हा ती अमेरिकेची संसद, आपल्याकडचा पक्ष नाही. तिची दोन सभागृहं : प्रतिनिधिगृह आणि सिनेट. प्रतिनिधिगृहाचा प्रमुख तो स्पीकर.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष गेला की उपराष्ट्राध्यक्ष त्याच क्षणी राष्ट्राध्यक्ष होतो आणि उरलेली मुदत पूर्ण करतो. हंगामी वगैरे काही नाही. आपल्याकडे उपराष्ट्रपती फक्त तात्पुरतं काम बघतात आणि सहा महिन्यांच्या आत नव्या राष्ट्रपतींची निवडणूक घ्यावी लागते. त्यामुळे आपल्याकडे ही खुर्ची रिकामी असली की पेपरात बातमी होते, तिथे रिकामी असली की वारसाची जागाच मोकळी होते.

गंमत म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ ही जागा मधेच रिकामी झाली तर भरायची सोयच अमेरिकेत नव्हती. १९६७ पर्यंत ती १६ वेळा रिकामी झाली. आठ वेळा राष्ट्राध्यक्षाच्या मृत्यूनंतर उपराष्ट्राध्यक्ष वर सरकला म्हणून, सात वेळा उपराष्ट्राध्यक्षच वारला म्हणून आणि एकदा त्याने राजीनामा दिला म्हणून. दर वेळी पुढच्या निवडणुकीपर्यंत तशीच रिकामी.

२२ नोव्हेंबर १९६३ ला केनेडींची हत्या झाली आणि लिंडन जॉन्सन वर गेले. जॉन्सनना आधी हृदयविकाराचा मोठा झटका येऊन गेलेला होता. त्यांच्यामागे रांगेत कोण? सत्तरी ओलांडलेले स्पीकर आणि त्यांच्यामागे सिनेटचे ८६ वर्षांचे हंगामी अध्यक्ष. जॉन्सन काँग्रेससमोर भाषण करत होते तेव्हा हे दोघं त्यांच्या पाठीमागे बसलेले अख्ख्या देशाने टीव्हीवर पाहिले. मग इंडियानाचे सिनेटर बर्च बाय यांनी विषय लावून धरला आणि १९६७ मध्ये २५वी घटनादुरुस्ती लागू झाली. तिच्या दुसऱ्या कलमाचा अर्थ साधा आहे : जागा रिकामी झाली की राष्ट्राध्यक्षाने नाव सुचवायचं आणि दोन्ही सभागृहांनी बहुमताने मंजूर करायचं.

किती दिवसांत मंजूर करायचं? ते लिहिलेलंच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर टाइमआउट सेट केलेला नाही. आजची सगळी गोष्ट या न लिहिलेल्या ओळीची आहे.

१९७३ : दोन आगी एकाच वेळी

१९७२ ची निवडणूक रिपब्लिकन पक्षाचे रिचर्ड निक्सन यांनी ५० पैकी ४९ राज्यं जिंकून मारली होती. पण काँग्रेसची दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटिक पक्षाकडे. १९७३ उजाडलं आणि वॉटरगेटचं प्रकरण निक्सनच्या अंगाशी यायला लागलं. विरोधकांच्या कार्यालयात झालेली घुसखोरी, ती दडपायचे प्रयत्न आणि राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातल्या संभाषणांच्या टेप.

त्याच वेळी बाल्टिमोरमध्ये पूर्णपणे वेगळी चौकशी चालू होती. मेरिलँड राज्यातल्या कंत्राटदारांकडून रोख पैसे घेतल्याचा आरोप कोणावर? उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांच्यावर!

आता ॲटर्नी जनरल एलियट रिचर्डसन यांच्या जागी जाऊन बघा. तुमच्याकडे ॲग्न्यूविरुद्ध भक्कम केस आहे. खटला चालवला तर महिनोन्‌महिने जाणार. आणि मधेच निक्सन पडले तर? लाचेचा आरोपी थेट राष्ट्राध्यक्ष! रिचर्डसननी ठरवलं की शिक्षेपेक्षा हा माणूस रांगेतून बाहेर काढणं महत्त्वाचं.

ॲग्न्यूही कच्चे नव्हते. सप्टेंबरच्या शेवटी ते स्पीकर कार्ल अल्बर्टकडे गेले आणि म्हणाले, माझी चौकशी प्रतिनिधिगृहानेच करावी. म्हणजे कोर्टातून विषय राजकारणात न्यायचा आणि वेळ काढायचा. अल्बर्टनी दुसऱ्याच दिवशी नाही सांगितलं. मग तडजोड झाली. १० ऑक्टोबर १९७३ ला ॲग्न्यूनी राजीनामा दिला आणि कोर्टात प्राप्तिकर चुकवल्याच्या एकाच आरोपाविरुद्ध आपण लढत नाही असं सांगितलं. दहा हजार डॉलर दंड, तीन वर्षं चांगल्या वर्तणुकीची अट, तुरुंग नाही. स्वस्तात सुटले, अशी ओरड झाली. पण त्या तडजोडीत सरकारला हवं होतं ते मिळालं : खुर्ची रिकामी झाली.

आणि खुर्ची रिकामी झाल्याबरोबर रांगेत पहिला नंबर लागला तो स्पीकर कार्ल अल्बर्ट यांचा. ओक्लाहोमाचा, जेमतेम सव्वापाच फूट उंचीचा माणूस. पक्ष डेमोक्रॅटिक.

हातातोंडाशी आलेला घास

हिशोब मांडून बघा. राष्ट्राध्यक्ष अडचणीत आहे. उपराष्ट्राध्यक्ष नाही. नवं नाव मंजूर करायचं की नाही, हे तुमच्या पक्षाच्या हातात. राष्ट्राध्यक्षावर महाभियोग आणायचा की नाही, हेही तुमच्या पक्षाच्या हातात. पहिलं काम थांबवा, दुसरं पुढे रेटा. निक्सन गेले की १९४७ च्या वारसा कायद्याप्रमाणे अल्बर्ट स्पीकरपद आणि खासदारकी सोडतील आणि जानेवारी १९७७ पर्यंत व्हाइट हाउसमध्ये बसतील. तीन वर्षांहून जास्त! जो पक्ष ४९ राज्यांत हरला, त्याला न लढता सत्ता. सुंठीवाचून खोकला गेला.

हे नुसतं कागदावरचं गणित नव्हतं. न्यूयॉर्कच्या खासदार बेला ॲबझग यांनी अल्बर्टना उघड आग्रह केला की थांबा, ही संधी सोडू नका. केनेडींचे जुने सहकारी टेड सोरेन्सन यांनी अल्बर्टसाठी एक गोपनीय टिपण लिहिलं : अचानक राष्ट्राध्यक्ष व्हावं लागलं तर पहिल्या काही दिवसांत काय काय करायचं. ते बऱ्याच वर्षांनी बाहेर आलं.

ॲबझग यांची बाजू मला हसण्यावारी न्यायची नाही. त्यांच्यासारख्या लोकांच्या मुद्द्यात दम होता : ज्या माणसावर आरोप आहेत, त्यानेच स्वतःचा वारस निवडायचा? मग तो वारस उद्या त्याला वाचवणार नाही कशावरून? हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फोर्डच का?

निक्सनच्या मनात होते टेक्सासचे माजी गव्हर्नर जॉन कॉनली. पण कॉनली काही महिन्यांपूर्वीच डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकन झालेले. अशा माणसाला मंजुरीच्या वेळी जुने सहकारी सोडणार होते थोडेच! अल्बर्टनी निक्सनना स्पष्ट संकेत दिला की जेराल्ड फोर्ड असतील तर मंजुरी मिळेल.

फोर्ड मिशिगनचे. १९४९ पासून प्रतिनिधिगृहात, तिथले रिपब्लिकन पक्षाचे नेते. आयुष्याचं स्वप्न एकच, स्पीकर होणं. साधा, सरळ, दोन्ही बाजूंना मित्र असलेला माणूस. फार तल्लख म्हणून कोणी त्यांचं नाव घेत नसे, पण लबाड म्हणूनही नाही. निक्सनच्या गोटातला हिशोब असा सांगितला जातो की फोर्डसारखा माणूस मागे उभा केला तर काँग्रेस महाभियोगाचा विचारच करणार नाही, फोर्ड म्हणजे आपला विमा. १२ ऑक्टोबरला, म्हणजे दोनच दिवसांत, त्यांचं नाव जाहीर झालं.

आणि आठ दिवसांनी भडका उडाला. २० ऑक्टोबर, शनिवारची रात्र. वॉटरगेटचे विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स टेप मागत होते. निक्सननी रिचर्डसनना सांगितलं, त्यांना काढा. रिचर्डसननी नकार देऊन राजीनामा दिला. त्यांच्या खालचे विल्यम रकल्सहाउस यांनीही नकार दिला आणि तेही गेले. तिसऱ्या क्रमांकाचे रॉबर्ट बोर्क यांनी शेवटी कॉक्सना काढलं. देशभर संताप. प्रतिनिधिगृहात महाभियोगाचे ठराव यायला लागले.

अल्बर्टनी ते ठराव न्याय समितीकडे पाठवले. अध्यक्ष पीटर रोडिनो. आणि फोर्डच्या मंजुरीची फाइल प्रतिनिधिगृहात कुठल्या समितीकडे होती? त्याच. म्हणजे एका टेबलावर दोन फाइली : एकात राष्ट्राध्यक्षाला काढायचं का, दुसरीत त्याचा वारस नेमायचा का. काही सदस्यांचं म्हणणं होतं, आधी टेप द्या, मग फोर्ड घ्या. दबावाचं हत्यार म्हणून ते वाईट नव्हतं.

पण फाइल अडली नाही. एफबीआयने फोर्डसाठी हजाराहून जास्त लोकांकडे चौकशी केली. सुनावण्या झाल्या. २७ नोव्हेंबरला सिनेटने ९२ विरुद्ध ३ मतांनी आणि ६ डिसेंबरला प्रतिनिधिगृहाने ३८७ विरुद्ध ३५ मतांनी फोर्डना मंजुरी दिली. त्याच दिवशी शपथ. ५७ दिवस भरले आणि अल्बर्ट पुन्हा रांगेत मागे गेले.

घास सोडला, तो का?

एक उत्तर सभ्यतेचं. अल्बर्ट स्वतःच विचारत होते की लोकांनी रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निवडलाय, तर त्या जागी माझ्यासारख्या डेमोक्रॅटने बसणं योग्य आहे का. मला ते प्रामाणिक वाटतं.

पण दुसरं उत्तर निव्वळ डावपेचाचं आहे, आणि ते कळण्यासाठी १०५ वर्षं मागे जावं लागतं. १८६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर महाभियोग चालला. लिंकनच्या हत्येनंतर ते वर आलेले, त्यामुळे उपराष्ट्राध्यक्ष नव्हताच. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे पुढचा नंबर सिनेटचे हंगामी अध्यक्ष बेंजामिन वेड यांचा. आणि महाभियोगाचा निकाल देतं कोण? सिनेटच. म्हणजे वेड न्यायाधीशांच्या बाकावर बसलेले आणि निकालाचा सगळ्यात मोठा फायदा त्यांनाच. तरी त्यांनी 'दोषी' असं मत दिलं. मोजणी झाली, ३५ विरुद्ध १९. दोषी ठरवायला ३६ हवे होते. एका मताने जॉन्सन वाचले.

जॉन्सन वाचायला कारणं बरीच होती. पण त्यातलं एक म्हणजे वेड. कित्येकांना जॉन्सनपेक्षा वेड राष्ट्राध्यक्ष होण्याची जास्त धास्ती होती. आणि ज्याचा फायदा तोच काढायला मत देतोय म्हटल्यावर सगळ्या खटल्यालाच सत्ता बळकावण्याचा वास यायला लागतो.

आता परत १९७३ मध्ये या. समजा फोर्डची फाइल अडवली असती. मग महाभियोगाचा प्रत्येक शब्द लोकांनी कसा ऐकला असता? 'निक्सननी गुन्हा केला का' हा प्रश्न बाजूला पडून 'डेमोक्रॅट सरकार पळवतायत का' हाच प्रश्न उरला असता. एकही रिपब्लिकन हलला नसता. आणि सिनेटमध्ये राष्ट्राध्यक्षाला काढायला दोनतृतीयांश मतं लागतात, ती एकट्या डेमोक्रॅटांकडे नव्हती.

फोर्ड त्या खुर्चीत बसल्यावर चित्र पालटलं. आता निक्सन गेले तरी सत्ता रिपब्लिकनांकडेच राहणार होती. त्यांच्या पक्षातल्या माणसाला पुराव्याकडे बघायची मोकळीक मिळाली. जुलै १९७४ मध्ये न्याय समितीने महाभियोगाचं पहिलं कलम २७ विरुद्ध ११ मतांनी मंजूर केलं, त्या २७ मध्ये सहा रिपब्लिकन होते. ५ ऑगस्टला ती निर्णायक टेप बाहेर आली. ७ ऑगस्टला सिनेटर गोल्डवॉटर आणि रिपब्लिकन पक्षाचे दोन्ही सभागृहांतले नेते निक्सनना भेटले आणि मतं उरलेली नाहीत हे त्यांच्या कानावर घातलं. ९ ऑगस्टला निक्सन गेले.

निक्सनच्या गोटाला जो विमा वाटला, तोच बाहेरचा दरवाजा निघाला. आणि विरोधकांनी सत्ता सोडली म्हणूनच राष्ट्राध्यक्षाला घालवता आलं. या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : एखाद्याला खुर्चीवरून खाली खेचायचं असेल, तर आधी सगळ्यांना दिसू द्या की ती खुर्ची तुम्हाला नकोय.

किंमत

पण हे गुळगुळीत करून सांगायचं नाही. मंजुरीच्या सुनावणीत फोर्डना विचारलं होतं की राष्ट्राध्यक्षाने राजीनामा दिला तर त्याचा वारस त्याच्यावरचा खटला थांबवू शकेल का. फोर्डचं उत्तर साधारण असं की जनता ते खपवून घेणार नाही. ८ सप्टेंबर १९७४ ला, राष्ट्राध्यक्ष होऊन महिनाच झाला होता, फोर्डनी निक्सनना पूर्ण माफी दिली. ॲबझग यांच्या बाजूचा प्रश्न आठवला? तोच अंगावर आला. सौदा झाल्याचं सिद्ध झालं नाही, फोर्डनी तो ठामपणे नाकारला. पण १९७६ ची निवडणूक ते हरले, आणि त्या पराभवाची चर्चा या माफीशिवाय कधीच होत नाही.

शिवाय फोर्ड वर गेल्यावर खुर्ची पुन्हा रिकामी झाली. २० ऑगस्टला त्यांनी न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांचं नाव दिलं. अफाट श्रीमंत माणूस. संपत्तीची चौकशी, हेन्री किसिंजरसकट अनेकांना दिलेल्या पैशांच्या भेटींची चौकशी, मधे नोव्हेंबरची निवडणूक. मंजुरी मिळाली थेट १९ डिसेंबरला. या वेळी १३२ दिवस. आणि रांगेत पहिले पुन्हा अल्बर्टच! त्यानंतर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष दोघंही असे, ज्यांना देशाने त्या पदांसाठी मत दिलंच नव्हतं. हे आधी कधी झालं नव्हतं, नंतरही झालेलं नाही.

आणि तो टाइमआउट?

तो आजही नाही. २५व्या घटनादुरुस्तीत मंजुरीची मुदत तेव्हा नव्हती, आताही नाही. उद्या जागा रिकामी झाली आणि काँग्रेस विरोधी पक्षाकडे असली, तर १९७३ चा तोच पट पुन्हा मांडला जाऊ शकतो. फक्त स्पीकरच्या खुर्चीत अल्बर्टच असतील असं नाही.

आणि आपण फार हसायला नको. आपल्या घटनेत राष्ट्रपतिपदासाठी सहा महिन्यांची मुदत स्पष्ट आहे. पण उपराष्ट्रपतिपद मृत्यूने किंवा राजीनाम्याने रिकामं झालं तर ६८वं कलम फक्त 'शक्य तितक्या लवकर' असं म्हणतं. २०२५ मध्ये ते ५० दिवसांत झालं. पण 'लवकर' म्हणजे किती, हे ठरवणारी माणसं असतात, कलम नाही.

नियम जिथे गप्प असतो तिथे माणसाचा कस लागतो. कोड लिहिताना मी अशी जागा मोकळी सोडत नाही. रिव्ह्यूमध्ये कोणीतरी पकडतंच. घटनेत ती राहून जाते, आणि मग सगळं त्या एका बुटक्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी काय वाटतं यावर येऊन ठेपतं.

तुम्ही अल्बर्टच्या जागी असता तर? फाइल अडवली असती की पुढे ढकलली असती? कमेंटमध्ये लिहा, पण 'का' तेही लिहा. नुसतं 'अडवली असती भावा' चालणार नाही.

पुढच्या भागात आपल्या घरची गोष्ट. १९६९ : राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचं निधन, उपराष्ट्रपती गिरींचा राजीनामा, आणि दोन्ही खुर्च्या एकदम रिकाम्या झाल्यावर राष्ट्रपती भवनात गेलेले सरन्यायाधीश हिदायतुल्ला. त्या निवडणुकीत आपले चिंतामणराव देशमुखही उभे होते. तोपर्यंत काळजी घ्या, भेटूच!